आमच्यामागें कोण?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं, ज्यांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं अशा कांहीं घरांविषयीं चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. चाळिशीच्या मुलाच्या सदऱ्याचीं बटणें आजहि सत्तरीची माता लावते, अशीं तीं घरें होत.

स्वमग्नता हा रोग नव्हे. ती मनाची जन्मजात निराळी घडण होय. सन १९४३ मध्यें डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें दोष मातेच्या मायेवर ठेवण्यांत आला. तो आरोप आतां खोटा ठरला आहे. त्या अकरांतील पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, अमेरिकेंतील फॉरेस्ट नांवाच्या लहान गांवीं राहिला, तेथील बँकेंत त्यानें नोकरी केली, आणि आईबाप निवर्तल्यावरहि तेथेंच राहून सन २०२३ मध्यें ८९ व्या वर्षीं वारला. घर सधन होतें, हें खरें. परंतु गांवानें त्याला आपला मानिलें, हें धन त्याहून मोठें.

आपल्या मंदिरांत शेवटच्या बांकावर असाच एक तरुण डुलत बसे. मिस्सेंत तो मोठ्यानें बोलला कीं माना वळत. त्यांत माझीहि मान होती, हें आज कबूल करितों. पुढें तें कुटुंब येईनासें झालें.

त्या आईबापांना रात्रीं एकच प्रश्न जागवितो: आमच्यामागें याचें कोण? सन १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वयें अशा प्रौढ व्यक्तीसाठीं पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करितां येतो. तो आपण हयात असतांनाच करावा. मुलाला काय रुचतें, कोणत्या आवाजाची भीति वाटते, औषध कोणतें, हेंहि एका वहींत लिहून ठेवावें. परंतु कागद सोबत करीत नाहीं. प्रत्येक अशा घरामागें दोन शेजारी उभे राहावेत. आठवड्यांतून एकदां त्यांनीं त्या मुलाजवळ तासभर बसावें, म्हणजे उद्यां त्याला ते परके वाटणार नाहींत.

क्रूसावरून प्रभूनें आपल्या मातेला एका शिष्याच्या हातीं सोंपविलें, आणि त्या शिष्यानें तिला आपल्या घरीं नेलें. तो शिष्य आपल्यांतून कोण होणार, एवढाच माझा प्रश्न आहे.