शाळाच अंगणात गेली

सातपूरच्या कामगार वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरात मूल दिवसभर एकच ऐकते, “हात लावू नकोस!” मग हट्ट, मग धपाटा. दोष मुलाचा की मांडणीचा?

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी माँटेसरी साधने तेथे कोठली? शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. पुढे कोसबादला अनुताई वाघांनी हे कार्य अखंड चालविले.

आपल्या घरी मुलाच्या हाताला येईल अशी एक फळी, चिंचोके, शिंपले आणि ते वेगळे करावयास दोन डबे ठेवता येतात. मूल फारच लहान असेल, तर तूर्त वाट्या-चमचेच बरे. चिंचोका नाकात जातो!