मुले, कुत्री आणि अडथळ्यांची शर्यत
(प्राथमिक शिक्षकांच्या गटसंमेलनातील भाषण)



खेड्यातील मुलाचा कुत्र्याशी पहिला परिचय पुष्कळदा हातात दगड घेऊनच होतो. त्याच वयाचे इंग्लंडमधील एखादे मूल घरचा कुत्रा घेऊन मैदानात उतरते आणि परीक्षकांसमक्ष त्याच्याकडून अडथळ्यांची शर्यत पुरी करून घेते, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

या शर्यतीचा उगम मोठा गमतीचा आहे. क्रफ्ट्स नावाचे कुत्र्यांचे प्रदर्शन १८९१ साली लंडनमध्ये सुरू झाले. १९९१ पासून ते बर्मिंगहॅम येथे भरते. १९७८ साली तेथील मधल्या वेळात प्रेक्षकांचे मन रमावे, म्हणून जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल यांच्या साहाय्याने घोड्यांच्या उडीशर्यतीच्या धर्तीवर एक खेळ बसविला. तो इतका आवडला की, दोनच वर्षांत ब्रिटिश केनेल क्लबने त्यास मान्यता दिली. पुढे तो देशोदेशी गेला.

शिक्षकांनी पाहावयाचे ते त्याचे नियम. कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते. त्यास हात लावणे वर्ज्य असते. मूल बरोबर धावते आणि केवळ आवाजाने व अंगाच्या हालचालीने वाट दाखविते. मुलाने खांदा वळविण्यास क्षणभर उशीर केला, तर कुत्रा भलत्याच बोगद्यात शिरतो; तेव्हा रागावून उपयोग नसतो, कारण चूक कुत्र्याची नसतेच. उतरत्या फळीचे टोक निराळ्या रंगाने रंगविलेले असते व त्यावर पाय टेकल्यावाचून उडी टाकल्यास गुण जातात. वरूनच उडी टाकल्याने सांधे दुखावतात, म्हणून हा निर्बंध. अठरा महिन्यांच्या आतील कुत्र्यास तर तेथे स्पर्धेत प्रवेशच नाही. हाडे पक्की होईपर्यंत थांबलेच पाहिजे. (आपल्या मुलांच्या स्पर्धा भरविताना इतका विचार होतो काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.)

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात प्रदर्शनांतून मुलांसाठी स्वतंत्र वर्ग निघाले. त्यांत कुत्र्याचे रूप पाहत नाहीत, मुलाची हाताळणी पाहतात. तथापि जातिवंत कुत्रा सर्वांनाच परवडत नाही. २००० सालापासून ब्रिटनमध्ये संकरित कुत्र्यांसाठी 'स्क्रफ्ट्स' नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत वंशावळ विचारीत नाहीत, स्वभाव व प्रकृती पाहतात. 'मुलाचा जिवलग' असाही एक वर्ग तीत ठेवलेला आहे. गावठी कुत्र्याच्या धन्यास ही गोष्ट अवश्य सांगावी.

शाळेच्या आवारात असा प्रयोग करावयाचा झाल्यास कुत्रा घरात पाळलेला व रेबीजची लस टोचलेला असावा; रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा मुळीच आणू नये. मोठे माणूस जवळ हवेच. तरीही दात किंवा नख लागलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये. साहित्य म्हणून दोन विटा व एक बांबू पुरे. बांबू आरंभी जमिनीवरच ठेवावा आणि कुत्रा तो आपखुशीने ओलांडू लागला, म्हणजे मग एकेका विटेवर चढवावा.