‘उपप्रणाली’ : शब्दाचा अर्थ व वर्गातील वापर



विज्ञान व संगणक यांच्या पाठांतून ‘उपप्रणाली’ हा शब्द आता वरचेवर भेटतो. ‘लहान भाग’ एवढाच त्याचा अर्थ सांगितला, तर मूल शब्द पाठ करते; परंतु कल्पना त्याच्या हाती लागत नाही.

संस्कृतात ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारा पाट. माडांच्या बागेतील शिंपणे पाहिलेल्या मुलास हे चटकन उमगेल. विहिरीपासून एक मुख्य पाट निघतो. त्यातून फुटलेले लहान पाट एकेका ओळीतील आळी भरतात. पाटाच्या काठचा दगड हा केवळ भाग होय. परंतु ओळीचा पाट, त्याचे तोंड व त्यावरील आळी मिळून एक काम पुरे करतात आणि तरीही मुख्य पाटाशी बांधलेली असतात. अशा मांडणीस उपप्रणाली म्हणावे. सायकलीची कडी हा भाग. मूठ, तार व रबर मिळून होणारा ब्रेक ही उपप्रणाली.

‘उप’ या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘जवळ’ असा आहे. त्यातून ‘दुय्यम’ हा अर्थ आला. पण दुय्यम म्हणजे क्षुद्र नव्हे. मसुरे हे अनेक वाड्यांचे गाव. आंगणेवाडी ही त्यांतील एक वाडी. तथापि भराडीदेवीच्या यात्रेस तेथे लाखो लोक लोटतात. त्या यात्रेचा दिवस पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरतो. वाडी गावाचा घटक असूनही तिची स्वतःची व्यवस्था आहे, हे येथे मुलांस दाखविता येते.

कोणती मांडणी ‘उप’ म्हणावी, हे पाहणाऱ्याने घातलेल्या मर्यादेवर अवलंबून असते. सायकलीचा विचार करताना ब्रेक ही उपप्रणाली. केवळ ब्रेकचाच अभ्यास करताना तीच प्रणाली ठरते.

वापरात एक पथ्य पाळावे. शरीराच्या बाबतीत ‘पचनसंस्था’, ‘श्वसनसंस्था’ असे शब्द रूढ आहेत. तेथे ‘संस्था’ हाच शब्द ठेवावा. यंत्रे व संगणक यांच्या संदर्भात ‘प्रणाली’ व ‘उपप्रणाली’ योजावेत.

व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांस एकच प्रश्न विचारावा : “हा पाट बुजला, तर कोणकोणते माड सुकतील?” ज्या मुलास उत्तर देता आले, त्यास शब्द कळला असे समजावे.