परक्या महानगरांतील एक दिवस

परदेशांतील मोठ्या शहरास भेट देणाऱ्या कुटुंबापाशीं पैसा थोडा असतो, वेळ त्याहूनही थोडा असतो, आणि पाहण्याजोगीं स्थळें मात्र शेंकड्यांनीं असतात. अशा वेळीं काय पाहावें यापेक्षां काय सोडावें हाच प्रश्न अधिक बिकट होऊन बसतो.

समजा, नंदुरबार जिल्ह्यांतील म्हसावदचें एक कुटुंब लंडन शहरीं आलें आहे. थोरली मुलगी तेथें शिकत आहे. तिला भेटावयास आईवडील, दहा वर्षांचा धाकटा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली आजी अशीं चौघें आलीं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशीं कपाशी आणि ऊस पिकविणाऱ्या घरास हा प्रवासखर्च कांहीं हलका नव्हे. म्हणून वडिलांनीं बारा स्थळांची यादी केली आहे; एका दिवसांत तीं सर्व पाहून पैशाचें चीज करावें असा त्यांचा निर्धार आहे. मुलगी यादी वाचून म्हणते, "आप्पा, बारा ठिकाणीं धांवलों तर बारा दरवाजे तेवढे पाहून होतील. आजीला झेपतील अशीं तीनच ठिकाणें निवडूं या." आप्पांस हें रुचत नाहीं, पण आजीच्या गुडघ्यांचा विचार करून ते गप्प बसतात.

पहिलें ठिकाण थेम्स नदी. वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभें राहिलें कीं पार्लमेंटची भव्य इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा समोर दिसतो. जुना राजवाडा सन १८३४ च्या आगींत जळाला आणि त्या जागीं ही वास्तु उभी राहिली. मनोऱ्याची उंची ९६ मीटर आहे. 'बिग बेन' हें नांव वास्तविक आंतल्या मोठ्या घंटेचें. ती सन १८५९ मध्यें तेथें प्रथम वाजली. मुलाचे डोळे घड्याळावर खिळतात. आजीचे मात्र पाण्यावर. तापीच्या खोऱ्यांत जन्म घालविलेल्या बाईस नदीची रीत ठाऊक असते. पाणी वरच्या अंगास चाललेलें पाहून ती नातीला विचारते, "अगं, ही नदी माघारी कां फिरली?"

ती समुद्राची भरती. लंडन ओलांडून टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत ती चढत जाते, आणि लंडन ब्रिजपाशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत सात मीटरपर्यंत अंतर पडतें. शिडाचीं जहाजें भरतीबरोबर आंत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. या बिनवैरणीच्या बैलजोडीवर येथील व्यापार वाढला. तापीलाही सुरतेकडे अशीच भरती येते. परंतु प्रकाशा-सारंगखेड्याकडील माणसांस ती दिसत नाहीं. आपल्याच नदीच्या टोकाशीं काय घडतें, हें आजीला परक्या पुलावर उमगतें.

तेथून भुयारी रेल्वेनें पुढें जावयाचें. मुंबई-ठाणें आगगाडी सन १८५३ मध्यें सुरू झाली. त्यानंतर दहाच वर्षांनीं, १० जानेवारी १८६३ रोजीं, लंडनची ही जमिनीखालची रेल्वे सुरू झाली. जगांतील अशा प्रकारची ती पहिलीच, आणि आरंभीं तिच्या गाड्या वाफेच्या इंजिनांवर चालत. भुयारांतील त्या धुराची कल्पना करूनच आई नाकाला पदर लावते.

दुसरें ठिकाण ब्रिटिश म्यूझियम. सन १७५३ च्या कायद्यानें स्थापन झालेलें हें संग्रहालय १७५९ मध्यें लोकांस खुलें झालें, आणि त्याचा मूळ संग्रह पाहण्यास आजही प्रवेशमूल्य पडत नाहीं. पायऱ्यांशेजारीं बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाल्यावर सारीं आंत शिरतात. आंध्रांतील अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव पाषाण पाहून मुलगा थबकतो. "ताई, आपल्याकडचे दगड इथें कसे आले?" वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्यानें सन १८४५ मध्यें उत्खनन केलें, पाषाण मद्रासेस गेले, तेथून लंडनला आणि सन १८८० मध्यें या संग्रहालयांत आले. "मग परत कां देत नाहींत?" सन १९६३ च्या कायद्यानें विश्वस्तांचे हात बरेचसे बांधलेले आहेत, इतकें ताई सांगते. कायदा कोणी केला, हा मुलाचा पुढचा प्रश्न असतो; आणि तो गैर आहे असें कोणीही म्हणूं नये.

याच संग्रहालयाच्या मध्यभागीं सन १८५७ मध्यें उघडलेलें वर्तुळाकार वाचनालय आहे. ग्रंथ सन १९९७ पासून सेंट पँक्रास येथील नव्या इमारतींत नेले गेले. वास्तु मात्र उभी आहे. सन १९२० मध्यें अपुरें राहिलेलें शिक्षण पुरें करण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुन्हां लंडनला आले, तेव्हां ते येथें दिवसचे दिवस वाचीत बसत. साठविलेला पगार आणि नवल भथेना या मित्राचें कर्ज यांचा त्यांस आधार होता.

तिसरें ठिकाण म्हणूनच ठरलें आहे: १०, किंग हेन्रीज रोड. सन १९२१-२२ मध्यें बाबासाहेब राहत तें हें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन त्याचें स्मारक केलें. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. त्यांस सन १९२३ मध्यें मिळाली. अर्धपोटीं केलेल्या त्या अभ्यासाची हकीकत ऐकतांना आईचें लक्ष भिंतीवरील चित्रांवरून मुलीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे जातें. "तूं दुपारीं काय खातेस गं?" मुलगी लागलीच उत्तर देत नाहीं. मग म्हणते, "कधीं पाव, कधीं कांहीं नाहीं. पण परीक्षा बरी गेली, आई."

जवळच प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून सारें शहर एका नजरेंत येतें. यादींतील राहिलेलीं ठिकाणें तेथून बोटानें दाखवितां येतील, असें मुलगी सुचविते. आप्पा यादीची घडी करून खिशांत ठेवतात आणि म्हणतात, "टेकडी उद्यां. आधीं तुझी खोली दाखव. आणि वाटेंत भाजी-पीठ कुठें मिळतें तें दुकानही."

प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनीं स्थळांची यादी अवश्य करावी. मात्र तींत एक ओळ कोरी ठेवावी. ज्याच्यासाठीं आपण एवढ्या लांब आलों, त्याचें राहणें-खाणें पाहण्यास ती ओळ उपयोगी पडते.