परदेशात शिवलेला कोट
बँकॉक किंवा व्हिएतनाममधल्या होई आनला गेलेल्या सातारा-सांगलीकरांना तिथे 24 तासांत सूट शिवून मिळतो, हे खरं. पण मापाच्या कपड्याची खरी किंमत ट्रायलमध्ये असते. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा घडतो, तेव्हा भोपळा आधी नीट वाळू देतात आणि घोडीची जवारी कानाला पटेपर्यंत घासतात. घाई तिथे चालत नाही. कोटाचंही तसंच. कच्च्या शिलाईतला कोट अंगावर चढवून खांदा बसतो का ते पाहावं; बाही नंतरही आखूड करता येते, खांदा मात्र उसवावा लागतो. सहलीत एवढा वेळ कुठला, असं कुणी म्हणेल. म्हणूनच माप पहिल्याच दिवशी द्यावं आणि शिवणीत भरपूर माया ठेवायला सांगावी. पुढे अंग भरलं, तर साताऱ्यातला टेलरही तो कोट सैल करून देईल.