चक बेरी : रॉक अँड रोलचा शिल्पकार

अमेरिकेतील सेंट लुईस नगरीत १८ ऑक्टोबर १९२६ रोजी जन्मलेल्या, दिवसा मोटारींच्या कारखान्यात राबून रात्री क्लबांतून गिटार वाजविणाऱ्या चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंताने, पियानोवादक जॉनी जॉन्सन यांच्या साथीने ब्लूज आणि कंट्री या दोन संगीतप्रवाहांचा जो संगम साधला, त्यातूनच रॉक अँड रोल या नवजात गानप्रकाराला स्वतःची अशी वाणी लाभली.

१९५५ साली ब्लूजगायक मडी वॉटर्स यांच्या सल्ल्यावरून शिकागोच्या चेस कंपनीकडे गेलेल्या बेरी यांनी एका जुन्या लोकगीताच्या धर्तीवर रचलेली 'मेबलीन' ही ध्वनिमुद्रिका तत्काळ गाजली. शाळा, मोटारगाडी आणि प्रेम हे कुमारवयीनांचे विषय खुसखुशीत शब्दांत मांडावे, दोन तारा एकदम छेडून गीताचा आरंभ करावा आणि गुडघ्यांत वाकून, एक पाय पुढे टाकीत, रंगमंचभर बदकासारखे चालत गिटार वाजवावी, ही त्यांची खासियत होती.

१९६२-६३ मध्ये तुरुंगवास भोगूनही त्यांची कीर्ती ओसरली नाही. बिदागी रोख व आगाऊ घ्यावयाची आणि साथीला स्थानिक वादक उभे करावयाचे, हा त्यांचा पुढील काळातील शिरस्ता. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात धाडलेल्या सुवर्ण ध्वनिमुद्रिकेत बाख, बीथोव्हन यांच्या रचनांबरोबरच बेरी यांचे 'जॉनी बी. गुड' हे गीतही समाविष्ट झाले. १८ मार्च २०१७ रोजी नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले आणि त्यांचा अखेरचा गीतसंग्रह त्यानंतर काही महिन्यांतच प्रसिद्ध झाला.