घट्ट बसावं, सहज सुटावं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. संयोजकांनी फोनवर विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "वायरच्या टोकाला जे असतं ना, ते." पलीकडं जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बरं, नुसतं मनोगत लिहितो." तर हे माझं मनोगत वायरच्या टोकाबद्दल आहे.

सकाळी मी जरा लवकर आले होते. स्टेजमागं साउंडवाल्याचा मुलगा वायरिंग करत होता. त्यानं दोन वायरींची टोकं दातानं सोलली, सॉकेटच्या दोन भोकांत घातली आणि खिशातून आगपेटी काढली. तुमच्यातले निम्मे लोक हसताहेत, म्हणजे पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दोन काड्या खोचल्या आणि माईक सुरू. आपल्या जिल्ह्यात असं एक तरी घर आहे का, जिथं हे कधी केलं नाही? आमच्या घरी तर उन्हाळा याच काड्यांवर निघायचा.

आपल्याकडच्या मे महिन्याबद्दल तुम्हाला सांगायला नको. पत्र्याचा कूलर, त्याला पाणी चढवणारी छोटी मोटर, आणि प्लग तुटला म्हणून काड्यांवर खोचलेली वायर. मी आठवीत असताना एका दुपारी काका कूलरमध्ये पाणी भरत होते. पाय ओल्या फरशीवर. मोटरच्या वायरचं आवरण आत कुठंतरी घासलं होतं आणि पत्र्यात करंट उतरला होता. काका चिकटले. ओरडताही येईना. आईनं धुणं वाळत घालायची लाकडी काठी उचलली आणि भिंतीवरची वायर एका फटक्यात उडवली. काका खाली पडले, पण वाचले.

त्याच आठवड्यात शाळेत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर तीन पिनांचा प्लग काढला. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनी विचारलं, "वरची पिन लांब आणि जाड का?" वर्गात कुणालाच आलं नाही. सर म्हणाले, "ती अर्थिंगची. आधी लागते, शेवटी सुटते." मला एकदम आमचा कूलर दिसला. काडीवर दोनच वायरी बसतात, तिसरी कुणी खोचतच नाही. पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला तिसरी वाट असायला हवी होती. ती नव्हती, म्हणून तो काकांमधून गेला.

पण एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, ती पुढं फार वर्षांनी कळली. त्या काडीनं काकांचा जीव धोक्यात घातला, हे खरं. पण ती ढिली होती म्हणूनच आईला एका फटक्यात वायर उडवता आली, हेही खरं. वायर घट्ट बसली पाहिजे आणि वेळेला सुटलीही पाहिजे. हे दोन्ही एकाच वस्तूत कसं आणायचं, यावर जगभर माणसं डोकं घालतात. मी सॉफ्टवेअरची असूनही माझी बरीचशी नोकरी याच प्रश्नाच्या शेजारी गेली.

आता थोडं शिकवते. घाबरू नका, परीक्षा नाही.

घरातला प्लग सॉकेटमध्ये बसतो तो निव्वळ घर्षणावर. आतल्या पितळी पट्ट्या पिनेला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. पट्टी जितकी घट्ट, तितका प्लग पक्का आणि तितकाच काढायला अवघड. मग आपण प्लग न धरता वायर ओढतो. वायर आतून सुटते, आणि पुन्हा आगपेटी. घर्षणाची अडचणच ही आहे, की धरायचं बळ आणि सोडायला लागणारं बळ एकच असतं. एक वाढवलं की दुसरं वाढतंच.

आता मुलांच्या दप्तराच्या पट्ट्याचं बकल आठवा. ढकललं की 'टक्' होतं. मग दप्तर कितीही ओढा, सुटत नाही. दोन बोटांनी दोन्ही बाजू दाबल्या की अलगद सुटतं. त्यात एक आकडा असतो. त्याच्या आत जायच्या बाजूला उतार आणि बाहेर यायच्या बाजूला उभी भिंत. आत जाताना उतारामुळं आकडा आपोआप वाकतो. बाहेर ओढताना भिंत भिंतीला अडते, वाकायचं कारणच नसतं. आणि सोडायला ओढायचं नाही, आडवं दाबायचं. खरी युक्ती एवढीच आहे: धरायची दिशा एक, सोडायची दुसरी. एकदा दिशा वेगळ्या झाल्या, की पकड कितीही मजबूत करा, सोडायला बोटभर जोरच पुरतो.

हा आकडा किती लांब, किती जाड असावा? त्याचं गणित तुम्ही सगळ्यांनी शाळेत केलंय, फक्त बाईंच्या नकळत. फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून धरायची आणि टोक उडवायचं. ट्रर्रर्र! दहा सेंटिमीटर बाहेर ठेवली तर वाकवायला जोर लागतो, वीस ठेवली तर करंगळीनं वाकते. लांबी दुप्पट केली की तेवढंच वाकवायला आठवा हिस्सा जोर पुरतो. जाडी दुप्पट केली तर आठपट लागतो. दोनाचा घन आठ. आखूड आणि जाड आकडा दिसायला दणकट असतो, पण तोच आधी तुटतो. ऑफिसमधल्या नेटच्या वायरीची पिन बघा. तिच्यावरची पारदर्शक प्लॅस्टिकची जीभ मोडली तरी पिन सॉकेटमध्ये बसून राहते, चालतेही. टेबलाला धक्का लागला की बंद, पुन्हा धक्का लागला की सुरू. अशाच एका मोडक्या जिभेपायी मी दोन दिवस माझ्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी वाळूजला एका छोट्या कारखान्यात जायची. तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनायचे, त्यांना हार्नेस म्हणतात. टेबलापाशी उभ्या बायका दिवसभर कनेक्टर जोडायच्या. त्यांनी मला तीन शब्द शिकवले: पुश, क्लिक, पुल. ढकला, 'टक्' ऐका, आणि हलकंच ओढून बघा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला याहून उपयोगी वाक्य मिळालं नाही. एकीनं मला तिचा अंगठा दाखवला होता, घट्टा पडलेला. कनेक्टर बसवायला किती जोर लागावा, हा प्रश्न कागदावर न्यूटनमध्ये असतो. तिथं तो त्या अंगठ्यात होता.

आता जे सांगणार आहे, ते मी गावाकडं कुणाला सांगितलेलं नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही स्कूटरच्या बॅटरीची चाचणी घेत होतो. बॅटरी रात्रभर थरथरत्या टेबलावर ठेवायची आणि माझा प्रोग्राम आकडे नोंदवायचा. एक कनेक्टर थरथरीनं सारखा निसटायचा आणि माझी रात्रभराची नोंद वाया जायची. तिसऱ्या रात्री मी वैतागले. दोन केबल टाय घेतले, कनेक्टर करकचून बांधला आणि उरलेली टोकं कापून टाकली. केबल टायमध्येही तसाच आकडा असतो. आत जायला उतार, बाहेर यायला भिंत. फक्त बोट लावायला जागा नसते.

दोन दिवसांनी रात्रपाळीला बॅटरीतून धूर यायला लागला. तिथल्या टेक्निशियननं मुख्य स्विच बंद केला, पण बॅटरीत स्वतःची वीज होती. कनेक्टर काढणं गरजेचं होतं. तो सुटेना. कटर दुसऱ्या खोलीत. त्यानं हातानं ओढून ओढून तो काढला, तोवर तळहात भाजला होता. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, बांधलं चांगलं तुम्ही. पण सोडायचं कसं, ते ठरवलंच नव्हतं ना."

त्याची जखम भरली, पण डाग राहिला. आणि मला त्या दिवशी आईची काठी आठवली.

तेव्हापासून कुठलीही जोडणी समोर आली की मी दोन प्रश्न विचारते. ही सुटली तर कुणाचं काय बिघडेल? आणि सुटली नाही तर कुणाचं काय बिघडेल? उत्तर प्रत्येक वेळी वेगळं असतं. ॲपलनं २००६ मध्ये लॅपटॉपच्या चार्जरला चुंबक लावलं, म्हणजे वायरीत पाय अडकला तर वायर सुटावी, लॅपटॉप खाली पडू नये. तिथं सुटणं चांगलं. सध्या मी ज्या चार्जरचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यात बरोबर उलटं आहे. इलेक्ट्रिक कारला फास्ट चार्जरची गन लावली की शेकडो व्होल्टचा डीसी करंट वाहतो. आपल्या घरचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू करंटमध्ये गन ओढली तर ठिणगीची ज्वाळा होईल. म्हणून गाडीतून एक छोटी खिटी येऊन गन अडकवते, आणि करंट थांबल्याची खात्री झाल्यावरच प्रोग्राम ती मागं घेतो. आणि प्रोग्रामच अडकला तर? अनेक गाड्यांत त्यासाठी हातानं ओढायची दोरी दिलेली असते. मीटिंगमध्ये "ही दोरी कुठं आहे?" असं विचारणारी बाई म्हणून माझी आता ख्याती आहे.

पण या विषयातला मला सगळ्यात आवडणारा नमुना गाडीत नाही. तो इथं बसलेल्या बहुतेक सगळ्या शिक्षकांनी हाताळलाय. मतदान यंत्राची वायर! यंत्रावरच्या वादात मी पडत नाही, मला फक्त त्याच्या वायरच्या टोकाशी मतलब. मतदार जिथं बटण दाबतो ते बॅलट युनिट एकीकडं, अधिकाऱ्यांपुढचं कंट्रोल युनिट दुसरीकडं. मध्ये वायर, आणि दिवसभर लोकांची ये-जा. आता चिठ्ठीचं व्हीव्हीपॅटही त्यांच्यामध्ये आलंय. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या हे यंत्र बनवतात, आणि त्याचं बाह्यरूप आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीतल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी घडवलं.

आपल्याच वर्गातली एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाव घेतलं तर जेवताना मला धरेल. १३ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाला तिची ड्युटी होती. नंतर मी तिला विचारलं, "संध्याकाळी वायर कशी काढलीस?" ती म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलंय गं. आधी स्विच बंद. मग कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम आत दाबायच्या, आणि सरळ ओढायचं." मला फार आनंद झाला. बघा ना, कुणाचा पाय अडकला तर वायर ओढली जाईल, पण पाय काही दोन्ही क्लिपा एकदम दाबणार नाही. त्यासाठी माणसाची दोन बोटंच लागतात. आणि दिवसभराच्या उन्हानं थकलेल्या बाईंनाही ती बोटभर जोरात काढता येते. उलटी घातली तर ती बसतच नाही. धरणं, सोडणं आणि चुकू न देणं, तिन्ही एका मुठीत मावेल एवढ्या वस्तूत.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचनं शाळेला कॉम्प्युटर द्यायचं ठरवलंय. माझी हात जोडून विनंती आहे, त्यातले दोन कॉम्प्युटर कमी करा. त्या पैशात सगळ्या वर्गांची अर्थिंग तपासून घेऊ. झाकणाचे सॉकेट लावू, ज्यात लांब पिन आत गेल्याशिवाय बाकीची दोन भोकं उघडतच नाहीत. त्यात काडी सहजासहजी जात नाही. आणि मेन बोर्डावर आरसीसीबी बसवू. तीस मिलिअँपिअर करंट भलत्या वाटेनं गेला की तो स्वतःच लाइन तोडतो. म्हणजे कुणाच्या आईला काठी शोधावी लागणार नाही. यावर कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही, हे मला माहीत आहे. कॉम्प्युटरवर लागते.

आणि सर, तुम्ही फळ्यावर काढलेला प्लग मी तीस वर्षं विसरले नाही. सकाळी त्या साउंडवाल्या मुलाला मी चौकातून दोन प्लग टॉप आणायला लावले आणि आम्ही दोघांनी मिळून ते बसवले. तिसरी वायर त्याच्याकडं होतीच, कापून मागं दुमडून ठेवलेली. आत्ता मी ज्या माईकवरून बोलतेय, तो त्याच प्लगवर चालू आहे. काड्या त्यानं मला परत केल्या. या बघा.